‘अ लॉट’मधली मोकळी जागा

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही अध्यापकाला एक चूक चांगलीच परिचयाची असते. ‘पुष्कळ’ या अर्थी योजला जाणारा ‘अ लॉट’ हा शब्दप्रयोग दोन शब्दांचा आहे. ‘अ’ हे उपपद आणि ‘लॉट’ हे नाम. विद्यार्थी मात्र तो जोडून, एकच शब्द असल्याप्रमाणे लिहितात. अध्यापक लाल शाईने त्याभोवती वर्तुळ काढतो, मधे एक उभी रेघ मारतो आणि पुढच्या उत्तराकडे वळतो. शेक्सपिअरवरच्या उत्तरात जोडून आलेले ‘अलॉट’ त्याला जितके खुपते, तितका त्या उत्तरातला उसना विचारही कधी कधी खुपत नाही.

पण एखाद्या चौकस विद्यार्थ्याने प्रश्न विचारला तर? ‘अनदर’ हा शब्द मुळात ‘अन’ आणि ‘अदर’ असा दोन शब्दांचा होता आणि आज तो जोडून लिहिणेच शुद्ध मानले जाते. ‘अलोन’ हा ‘ऑल’ आणि ‘वन’ यांचा जोड आहे. ‘टुडे’ विसाव्या शतकाच्या आरंभीही अनेकजण मधे संयोगचिन्ह देऊन लिहीत. मग ‘अ लॉट’नेच काय पाप केले? या प्रश्नाला ‘नियम तसा आहे’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. ते उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. दोन शब्दांमधल्या त्या मोकळ्या जागेत दोन हजार वर्षांचा एक इतिहास दडलेला आहे. तो समजून घेतला तर नियम पाठ करावा लागत नाही, आणि चूक करणाऱ्याला अडाणी ठरवण्याची घाईही होत नाही.

ही चूक केवळ आपल्याकडची आहे असा समज कोणी करून घेऊ नये. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही ती सर्रास करतात. ॲली ब्रॉश या अमेरिकन लेखिकेने २०१० मध्ये या चुकीवर एक विनोदी सचित्र लेख लिहिला. त्यात तिने ‘अलॉट’ नावाचा एक केसाळ, काल्पनिक प्राणीच उभा केला. कोणी शब्द जोडून लिहिला की आपण त्या प्राण्याची कल्पना करावी आणि चिडचिड टाळावी, असा त्यातला उपाय होता. उपाय गमतीचा आहे खरा. पण ‘लॉट’ म्हणजे मुळात काय, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ९८ च्या सुमारास जर्मेनिक टोळ्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात कौल लावण्याची एक रीत वर्णिलेली आहे. फळझाडाची फांदी तोडायची, तिचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर वेगवेगळी खूण करायची आणि ते पांढऱ्या कापडावर जसे पडतील तसे टाकायचे. प्रश्न साऱ्या समाजाचा असेल तर पुरोहित, घरगुती असेल तर कुटुंबप्रमुख, देवांची प्रार्थना करून आणि आकाशाकडे दृष्टी लावून एकेक असे तीन तुकडे उचलतो आणि त्यांवरच्या खुणांवरून कौल सांगतो. कौलासाठी टाकायच्या अशा वस्तूला जर्मेनिक भाषांत जो शब्द होता, त्याचे जुन्या इंग्रजीतले रूप ‘ह्लोट’ असे होते. आजच्या जर्मनमधला ‘लोस’ हा त्याचाच भाऊबंद. पुढे इंग्रजीत आरंभीचा हकार गळून पडला आणि ‘लॉट’ उरला. ‘लॉटरी’ हा शब्दही याच कुळातला आहे. पहिल्या एलिझाबेथच्या राज्यातील पहिली सरकारी लॉटरी १५६७ मध्ये जाहीर झाली आणि तिची सोडत १५६९ मध्ये लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या दाराशी निघाली.

तेव्हा ‘लॉट’चा पहिला अर्थ चिठ्ठी. १६११ च्या इंग्रजी बायबलात हा शब्द याच अर्थाने जागोजागी भेटतो. यहोशवा इस्राएलाच्या वंशांना भूमी वाटून देतो ती लॉट टाकून. यहूदाच्या जागी नव्या प्रेषिताची निवड होते तीही लॉट टाकून. क्रुसाखाली बसलेले शिपाई येशूच्या वस्त्रांसाठी लॉट टाकतात. मराठी बायबलात अशा ठिकाणी ‘चिठ्ठ्या टाकणे’ हाच प्रयोग येतो आणि तो अगदी चपखल आहे. भावाभावांत वाटणी करताना चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याला जी निघेल ती त्याने बिनतक्रार घ्यायची, ही रीत आपल्याही गावांना अपरिचित नाही.

चिठ्ठीने जे मिळते तो वाटा. म्हणून ‘लॉट’चा दुसरा अर्थ वाटा, हिस्सा असा झाला. आयुष्याने आपल्या वाट्याला जे घातले ते आपले प्राक्तन. म्हणून तिसरा अर्थ नशीब. हा प्रवास मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण आपली भाषा याच वाटेने गेली आहे. ‘हे दुःख तिच्या वाट्याला आले’ असे आपण म्हणतो तेव्हा वाटणी आणि दैव एकाच शब्दात बोलतात. ‘भाग्य’ हा शब्द ‘भाग’ या शब्दाचा सख्खा नातलग. दोहोंच्या मुळाशी वाटून देणे या अर्थाचा ‘भज्’ धातू. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या ‘नशीब’ या शब्दाचा मूळ अर्थ हिस्सा, आणि ‘किस्मत’च्या मुळाशीही वाटून देण्याचीच क्रिया. ग्रीकांची दैवदेवता ‘मोइरा’ हिच्या नावाचा अर्थही वाटा असाच आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या भाषांतील माणसांना दैव म्हणजे कोणीतरी घातलेला वाटा असेच वाटत आले आहे. ‘लॉट’ला नशिबाचा अर्थ आला यात इंग्रजीचे वेगळेपण काही नाही. तिचे वेगळेपण पुढच्या टप्प्यात आहे: दैवाचा हा शब्द बाजारात गेला आणि तिथून ‘पुष्कळ’ होऊन परतला.

त्या वाटेवरचे पहिले ठिकाण म्हणजे जमीन. सतराव्या शतकात इंग्लंडमधून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जे लोक वसतीला गेले, त्यांच्या गावांत कुटुंबांना जमिनीचे तुकडे वाटून देताना अनेकदा चिठ्ठ्या टाकल्या जात. चिठ्ठीचे नाव तुकड्याला चिकटले, आणि चिठ्ठ्या बंद झाल्यावरही चिकटूनच राहिले. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टर याने आपल्या १८२८ च्या कोशात जमिनीचा तुकडा हा अर्थ खास अमेरिकेतला म्हणून नोंदवला आहे, आणि पूर्वी चिठ्ठ्या टाकून वाटप होत असल्यामुळे तो आला असावा, असेही सुचवले आहे. आजही अमेरिकेत मोटारी लावण्याच्या जागेला ‘पार्किंग लॉट’ म्हणतात. तिथे गाडी लावणाऱ्याच्या मनात चिठ्ठीचा विचारही नसतो.

दुसरे ठिकाण म्हणजे लिलाव. विकायच्या मालाचे स्वतंत्र वाटे पाडायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि एकेका वाट्यावर बोली लावायची, ही पद्धत लंडनच्या व्यापारात रूढ होती. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा तिथे असाच लॉट पाडून विकला जाई. आपल्याकडच्या व्यापाऱ्याच्या तोंडी असलेले ‘हा लॉट चांगला आला’ हे वाक्य याच परंपरेतले आहे. या अर्थी लॉट म्हणजे एकत्र मोजलेला, एकत्र विकला जाणारा माल. त्यात वस्तू किती, हा प्रश्न गौण. दोन खुर्च्यांचाही लॉट असू शकतो.

इथे कोशांची साक्ष मोलाची ठरते. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘लॉट’चे अर्थ आहेत ते असे: दैवाने दिलेली स्थिती, चिठ्ठी किंवा फासा, अनुकूल कौल, मालाचा वाटा आणि कराचा हिस्सा. ‘पुष्कळ’ हा अर्थ तिथे नाही. वेब्स्टरच्या १८२८ च्या नोंदीत मालाचा किंवा फळ्यांचा लॉट येतो, पण तोही स्वतंत्र वाटा या अर्थाने. पुढे त्याच्याच नावाने चालत आलेल्या कोशाच्या १९१३ च्या आवृत्तीत मात्र मोठी संख्या किंवा परिमाण हा अर्थ दिलेला आहे आणि त्यापुढे ‘बोलभाषेतला’ असा शेरा आहे. म्हणजे आज ज्याच्यावाचून इंग्रजी बोलणाऱ्याचे पान हलत नाही, तो अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीही कोशकार त्याला ओसरीवरच बसवून होते.

वाट्याचा ‘पुष्कळ’ झाला कसा? याचे उत्तर व्याकरणात आहे. ‘अ लॉट ऑफ बुक्स’ म्हणजे आरंभी पुस्तकांचा एक वाटा, एक गठ्ठा. त्यात मुख्य शब्द ‘लॉट’. पुस्तके त्याच्या पोटात. गठ्ठा एक म्हणून क्रियापदही एकवचनी. पण बोलता बोलता ऐकणाऱ्याचे लक्ष गठ्ठ्यावरून पुस्तकांवर सरकते. गठ्ठा हे नुसते माप उरते आणि मुख्य शब्दाची जागा पुस्तके घेतात. आज ‘अ लॉट ऑफ बुक्स’नंतर ‘आर’ येते आणि ‘अ लॉट ऑफ वॉटर’नंतर ‘इज’. क्रियापद ‘लॉट’ला विचारत नाही, त्याच्यामागून येणाऱ्या नामाला विचारते. याउलट ‘अ बॉक्स ऑफ बुक्स’ला शुद्ध लेखनात ‘इज’च लागते, कारण खोके अजून खोकेच आहे. लेखनात हा शब्दप्रयोग बिनचूक वापरायचा तर हा भेद ध्यानी ठेवावा लागतो, आणि आपल्या विद्यार्थ्यांचा खरा घोटाळा पुष्कळदा इथेच होतो. जोडून लिहिणे डोळ्यांना दिसते. वचनाची चूक तपासणाऱ्याच्याही नजरेतून निसटते.

मराठीत हीच घडामोड आपण रोज करतो. खंडी हे वीस मणांचे माप. पण ‘लग्नाला खंडीभर माणसे आली’ असे म्हणताना कोणी माणसांचे वजन करत नाही, आणि ‘आली’ हे क्रियापद माणसांशी जुळते, खंडीशी नव्हे. ‘ढीगभर कामे’, ‘पोतेभर पत्रे’ यांचेही तसेच. फार काय, ज्या शब्दाने आपण ‘अ लॉट’चा अर्थ सांगतो, तो ‘पुष्कळ’देखील संस्कृतात एका मापाचे नाव म्हणून आढळतो: आठ मुठींची एक कुंची आणि आठ कुंचींचे एक पुष्कल, म्हणजे चौसष्ट मुठी धान्य. माणूस आधी मोजतो, आणि मोजून थकला की त्या मापाचेच विशेषण करून टाकतो.

आता औपचारिक लेखनाचा मुद्दा. ‘अ लॉट’ हा शब्दप्रयोग निबंधात, प्रबंधात योजू नये, त्याऐवजी ‘मच’, ‘मेनी’ किंवा ‘अ ग्रेट डील’ लिहावे, असा सल्ला आपण विद्यार्थ्यांना देतो. सल्ला व्यवहारी आहे. गंभीर लेखनात ‘अ लॉट’ थोडा सैल वाटतो, आणि मुख्य म्हणजे तो नेमके काहीच सांगत नाही. पण यातल्या ‘अ ग्रेट डील’ची प्रतिष्ठा तपासून पाहण्यासारखी आहे. ‘डील’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ भाग, वाटा असाच होता; जर्मनमधला ‘टाइल’, म्हणजे भाग, हा त्याचा नातलग. पत्ते वाटण्याच्या क्रियेला इंग्रजीत आजही ‘डील’ म्हणतात, ते याच मुळावरून. म्हणजे ‘अ ग्रेट डील’ हाही मूळचा ‘एक मोठा वाटा’च. तो काही शतके आधी या वाटेने गेला आणि कुलीन ठरला. ‘अ लॉट’ उशिरा आला म्हणून ओसरीवर बसला. एका वाट्याला हाकलून आपण दुसऱ्या वाट्याला आत घेतो, आणि त्याला भाषेची शुद्धता म्हणतो. शैलीचा विवेक जरूर शिकवावा, पण तो सांकेतिक आहे हे शिकवणाऱ्याने स्वतःशी तरी कबूल करावे.

मग दोन शब्दांमधल्या जागेचे काय? तीही नुसता संकेतच का? इथे लेखनाचा इतिहास थोडा आठवावा लागेल. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत निसर्गदत्त नाही. प्राचीन रोमन लेखनात उत्तरकाळी शब्द सलग लिहिले जात. लॅटिन ज्यांची मातृभाषा नव्हती अशा आयरिश लेखनिकांनी, सातव्या-आठव्या शतकांत, वाचन सोपे व्हावे म्हणून शब्द तोडून लिहिण्याची रीत रूढ केली. आपल्या पोथ्यांतही मजकूर सलग असे. मोडीत तर आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे टांगत जायची. शब्द तोडण्याची पद्धत नव्हती. अशा मजकुराचा अर्थ लावायचा तर आधी पदे तोडावी लागत. ऋग्वेदाच्या संहितेचा पदपाठ शाकल्याने केला असे परंपरा मानते, आणि त्या पदपाठाला वेदार्थाचे आद्य विवरण समजणे योग्यच आहे. पद कुठे तोडले यावर अर्थ ठरतो. ‘मी पण’ आणि ‘मीपण’ यांत एवढ्याशा जागेचा फरक आहे. पण पहिल्यात माणूस इतरांत सामील होतो आणि दुसऱ्यात तो इतरांपासून वेगळा पडतो.

या दृष्टीने पाहिले तर ‘अ लॉट’मधली जागा हाही एक पदच्छेदच आहे, आणि तो बरोबर आहे की नाही हे ठरवण्याची कसोटी भाषेतच उपलब्ध आहे. दोन शब्द खरोखर एकजीव झाले असतील तर त्यांच्या मधे तिसरा शब्द शिरू शकत नाही. ‘अलोन’च्या पोटात आज काहीही घालता येत नाही. ‘अनदर’चेही तसेच, अमेरिकन बोलीत ‘अ होल नदर’ असा प्रयोग ऐकू येतो, पण त्यात शब्द भलत्याच ठिकाणी फुटतो, आणि मूळची फट विसरली गेली याचाच तो पुरावा आहे. ‘अ लॉट’मध्ये मात्र विशेषणे आजही खुशाल ये-जा करतात. ‘अ होल लॉट’, ‘ॲन ऑफुल लॉट’ हे रोजच्या बोलण्यातले प्रयोग आहेत. ‘ऑफुल’ स्वराने सुरू होते म्हणून उपपददेखील ‘अ’चे ‘ॲन’ होते. म्हणजे उपपदाला आपण उपपद आहोत याचे भान अजून आहे. ‘लॉट्स’ असे अनेकवचन होते, ‘द लॉट’ म्हणून सगळेच्या सगळे असाही अर्थ होतो. क्रियापदाने ‘लॉट’ला विचारणे सोडले असले, तरी ‘लॉट’ने आपले नामपण पूर्णपणे सोडलेले नाही. त्या अर्धवट जिवंत नामाची शेवटची खूण म्हणजे ती मोकळी जागा.

म्हणून चौकस विद्यार्थ्याला द्यायचे उत्तर असे: आज ‘अ लॉट’ दोन शब्दांत लिहायचा, कारण बोलणारे आजही त्याला दोन शब्दांसारखे वागवतात. उद्या ती दोन अंगे सांधली जातील, मधे कोणी विशेषण घालेनासे होईल, तेव्हा जोडून लिहिणाराच बरोबर ठरेल आणि आपली लाल शाई इतिहासजमा होईल. ‘टुडे’च्या बाबतीत असे घडून गेले आहे. जोडून लिहिणाऱ्याच्या कानाला या दोन शब्दांचे एकत्र येणे थोडे आधी ऐकू आले, एवढाच त्याचा दोष. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. आपण ‘घरासाठी’, ‘टेबलावर’ असे शब्द जोडून लिहितो. लहान शब्द मोठ्या शब्दाला चिकटवण्याची आपल्या हाताला सवयच आहे. ‘अ’ला एकटे सोडणे त्या हाताला अवघड जाते.

जोडून लिहिण्यात एक व्यावहारिक धोका मात्र आहे. इंग्रजीत ‘वाटून देणे’ या अर्थाचे एक स्वतंत्र क्रियापद आहे. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘एल’ दोनदा येतो, आणि देवनागरीत आपण ते ‘अलॉट’ असेच लिहितो. घरे अलॉट होतात, शेअर अलॉट होतात. संगणकाचा शब्दतपासनीस कधी कधी चुकीच्या शब्दाजागी हेच क्रियापद सुचवतो, आणि ‘पुष्कळ’ लिहायला निघालेला विद्यार्थी ‘वाटून देतो’. गंमत अशी की हे क्रियापदही त्याच ‘लॉट’पासून, जुन्या फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत आले आहे. म्हणजे चुकूनही विद्यार्थी घराबाहेर पडत नाही. शब्दाच्या मूळ अर्थालाच जाऊन भिडतो.

लाल वर्तुळ काढायचे थांबवावे असे म्हणण्याचा हेतू नाही. लेखन हा वाचणाऱ्याशी केलेला करार आहे, आणि नोकरीच्या अर्जातले जोडलेले ‘अलॉट’ वाचून अर्जदाराविषयी मत बनवणारे लोक जगात आहेत. विद्यार्थ्याला त्याची कल्पना देणे हे अध्यापकाचे काम आहे. पण त्या वर्तुळाशेजारी दोन ओळींची जागा असते. तिथे ‘अ होल लॉट म्हणून पाहा’ एवढे लिहिले तरी पुरे. विद्यार्थी पुढल्या वेळी नियम आठवत बसणार नाही. शब्दाच्या मधे बोट घालून पाहील, आणि बोट जाते आहे तोवर जागा सोडील.